आज बटाटे किती लावायचे?

'बटाटे लावणे' हा शब्दप्रयोग शेतकऱ्याच्या तोंडी आला तर त्याचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. आमच्या रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात मात्र बटाटे लावणे म्हणजे ते अख्खे, सालासकट, ओव्हनमध्ये भाजायला ठेवणे. दोन्हींत साम्य एवढेच, की पुढे काय वाढून ठेवले आहे याची लावणाऱ्याला सुतराम कल्पना नसते. शेतकरी निदान आभाळाकडे बघू शकतो. मला रोज दुपारी साडेचार वाजता, एकही गिऱ्हाईक आलेले नसताना, रिकाम्या खुर्च्यांकडे बघून ठरवावे लागते, की आज रात्री किती माणसांना भाजलेला बटाटा खाण्याची इच्छा होणार आहे.

ही भविष्य सांगण्याची पाळी माझ्यावर का आली, हे कळण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. अडीचशे-तीनशे ग्रॅमचा बटाटा २०० ते २२० अंश सेल्सिअसला नीट भाजून निघायला साधारण एक तास घेतो, आणि त्याला घाई करण्याची कोणतीही सोय निसर्गाने ठेवलेली नाही. आच वाढवली तर साल करपते आणि गाभा जिथल्या तिथे मख्ख बसून राहतो. इकडे गिऱ्हाईक येते, पाणी पिते, मेनूकार्ड चाळते, शेजारच्या टेबलावर काय आले आहे ते चोरून पाहते आणि मग सहज सुचल्यासारखे म्हणते, "आणि त्याच्याबरोबर भाजलेला बटाटा द्या." त्याने मागवलेले बाकीचे सगळे पंधरा-वीस मिनिटांत तयार होते. याचा अर्थ, आठ वाजता बटाटा मागणाऱ्या माणसाचा बटाटा मी सव्वासातच्या सुमारास लावलेला असला पाहिजे. आणि त्या वेळी तो माणूस बहुधा घरी दुसरा मोजा शोधत असतो.

मग आधीच भरपूर भाजून ठेवावेत, असे कोणीही म्हणेल. मीही म्हणालो होतो. पण भाजून झालेला बटाटा थांबत नाही. लवकर हो म्हटले तर होत नाही आणि झाल्यावर थांब म्हटले तर थांबत नाही, अशा स्वभावाची माणसेसुद्धा मी पाहिली आहेत. पण त्यांना ताटात वाढायचे नसते.

या कामावर माझी नेमणूक माझ्याच तोंडामुळे झाली. नोकरीच्या तिसऱ्या दिवशी मुख्य शेफनी विचारले, "बटाटे भाजता येतात का रे?" मी हसून म्हणालो, "त्यात काय आहे?" शेफ काही बोलले नाहीत. त्यांनी शांतपणे मला एक ओव्हन दिला, एक काटा दिला, एक कोरी वही दिली आणि 'त्यात काय आहे' ते शोधायला मोकळे सोडले. तो शोध अजून चालू आहे.

पहिला धडा खोक्यावरच्या आकड्याने शिकवला. आमच्याकडे भाजण्याचा बटाटा ५० पौंडांच्या, म्हणजे सुमारे पावणेतेवीस किलोंच्या खोक्यातून येतो आणि खोक्यावर ७०, ८०, ९०, १२० असे आकडे छापलेले असतात. पहिल्याच आठवड्यात मागणी नोंदवायची जबाबदारी माझ्यावर आली, तेव्हा मोठ्या आकड्याचा माल मोठा असणार या साध्या न्यायाने मी १२० नंबरचे चार खोके मागवले. तो आकडा एका खोक्यात किती नग बसतात याचा असतो, म्हणजे आकडा जितका मोठा तितका बटाटा लहान, हे मला खोके उघडल्यावर कळले. ८० नंबरचा बटाटा २८० ग्रॅमच्या आसपास भरतो. माझे १९० ग्रॅमचे होते. ताटात ठेवल्यावर ते बटाटे मोठ्यांच्या पंगतीला चुकून बसलेल्या मुलांसारखे दिसत. ते ४८० नग संपेपर्यंत शेफ मला नावाने हाक न मारता 'एकशेवीस' म्हणत असत.

दुसरी चूक मी चांगुलपणाने केली. उन्हाळ्याचे दिवस होते, आणि बटाट्यांना कोंब फुटू नयेत म्हणून मी ते सगळे भाज्यांच्या शीतगृहात, ४ अंशांवर नेऊन ठेवले. बटाट्याला थंडी सोसत नाही हे मला ठाऊक नव्हते. साधारण ७ अंशांच्या खाली ठेवला की तो आपल्या पिठाची, म्हणजे स्टार्चची, हळूहळू साखर करू लागतो. आठवड्याभराने ते बटाटे भाजले, तर आतून तपकिरी झाले आणि चवीला गोडसर लागले. एका वयस्कर बाईंनी वेटरला बोलावून अत्यंत सौजन्याने विचारले, "हे रताळे आहे का?" वेटरने आत येऊन तो प्रश्न मला जसाच्या तसा, त्याच सौजन्याने विचारला. तेव्हापासून आमचे बटाटे गार पण शीतगृहाइतक्या थंड नसलेल्या, अंधाऱ्या, हवेशीर कोठारात राहतात. अंधार अशासाठी, की उजेडात ते हिरवे पडतात आणि त्या हिरवेपणाबरोबर त्यांच्यात सोलॅनिन नावाचे कडू विषारी द्रव्य वाढते. थोडक्यात, थंडी चालत नाही, ऊन चालत नाही, उजेड चालत नाही, कोंदट हवा तर मुळीच चालत नाही. एवढ्या अटी घालणाऱ्याला आम्ही जावईसुद्धा करून घेतला नसता.

यानंतर धुणे. बटाटा घासून धुवायचा, आणि मग पुसून खडखडीत कोरडा करायचा, कारण ओली साल भाजत नाही, वाफवते. मग तेलाचा हलका हात फिरवायचा, जाडे मीठ लावायचे आणि काट्याने चार-सहा ठिकाणी टोचायचे. टोचण्याबद्दल माझे मत सुरुवातीला उदार होते. बटाट्याच्या वजनात पाच भागांतले जवळजवळ चार भाग पाणी असते आणि त्याची वाफ होऊन तिला बाहेर पडायला वाट लागते, हे मी ऐकून होतो. पण न टोचलेले कित्येक बटाटे काहीही न होता सुखरूप बाहेर येतात, हेही मी पाहिले होते. म्हणून एका शनिवारी घाईत एक ट्रे न टोचताच आत गेला. सात वाजून वीस मिनिटांनी ओव्हनमध्ये असा आवाज झाला, की बाहेर जेवणाऱ्या एका गृहस्थांनी चमचा खाली ठेवला. आत एकाच बटाट्याने तीनही कप्पे, पंखा, दिवा आणि शेजारचे एकोणीस सज्जन बटाटे यांच्यावर स्वतःला समान वाटून घेतले होते. शेफनी दार उघडून आत पाहिले आणि म्हणाले, "याच्यात काय होतं, ते कळलं का आता?" तो ओव्हन साफ करायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात हजारएक बटाटे टोचून झाले असते.

बटाटा 'झाला' हे कसे ओळखायचे, यावरही आमच्याकडे दोन पंथ आहेत. एक दाबून बघणाऱ्यांचा आणि दुसरा सुई घालणाऱ्यांचा. मी पहिल्या पंथात होतो, तोवर माझी बोटे कायम भाजलेली आणि बटाटे अर्धवट भाजलेले असत. आता मी थर्मामीटरची सुई गाभ्यापर्यंत घालतो आणि ९६ ते ९९ अंश दिसल्याखेरीज कोणाचे ऐकत नाही. पिठाचे कण साठ-पासष्ट अंशांना फुगायला लागतात हे खरे, आणि नव्वदीला सुरीही सुळकन आत जाते. पण तेव्हाचा बटाटा खाताना दाताखाली थोडा दगडी लागतो. त्याच्या पेशी एकमेकींपासून सुट्या होऊन तो आतून भुरभुरीत व्हायला आणखी काही अंश लागतात, आणि ते शेवटचे काही अंशच सर्वांत सावकाश चढतात. नेमका तेव्हाच वेटर दारातून डोके आत घालून विचारतो, "दादा, झाला का?"

चकचकीत फॉइलमध्ये गुंडाळून बटाटा भाजण्याची पद्धत माझ्या आधीच्या माणसाने पाडली होती, आणि ती मोडताना मला एखादी रूढी मोडल्याचे पाप लागले. वेटर मंडळींचे म्हणणे, की फॉइलमधला बटाटा टेबलावर रुबाबदार दिसतो. दिसतो, यात शंका नाही. पण आतली वाफ आतच कोंडली गेल्यामुळे तो भाजलेला नसून उकडलेला असतो, आणि त्याची साल ओल्या पुठ्ठ्यासारखी होते. फॉइलची चकचकीत बाजू आत असावी की बाहेर, यावर दोन वेटरांचा एकदा अबोला होण्यापर्यंत वाद गेला होता. वास्तविक कारखान्यात शेवटच्या वेळी रुळांतून काढताना दोन पत्रे एकावर एक ठेवून लाटतात. रुळांना लागलेली बाजू चकाकते आणि एकमेकींना लागलेली मंद राहते, एवढेच त्यामागचे रहस्य असून बटाट्याला दोन्ही बाजू सारख्याच. मी हे दोघांना समजावून सांगितले. त्यानंतर त्यांचा एकमेकांशी समेट झाला आणि माझ्याशी अबोला सुरू झाला.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. भाजून झालेला बटाटा गिऱ्हाईक मागेपर्यंत गरम ठेवायचा असतो, आणि त्यासाठी आमच्याकडे एक उबदार कपाट आहे. नियम असा, की गरम वाढायचा पदार्थ ठरावीक तापमानाच्या खाली उतरता कामा नये. कुठे ही मर्यादा ५७ अंश मानतात, कुठे ६३. आम्ही कपाट सत्तरच्या आसपास ठेवतो. तिथे बटाटा सुरक्षित राहतो, पण सुखात राहत नाही. पहिली पंधरा-वीस मिनिटे साल कुरकुरीत असते आणि मी जगाकडे प्रेमाने बघत असतो. मग गाभ्यातली वाफ बाहेर सरकू लागते, साल ती पिते आणि मऊ पडते. कपाटाचे झरोके उघडून हवा कोरडी केली तर साल मऊ पडत नाही, पण आक्रसते, सुरकुतते आणि गाभ्यापासून सुटून सैल सदऱ्यासारखी लोंबते. झरोके बंद केले तर पुन्हा पहिले दुखणे. तास उलटला की आतला शुभ्र भुरभुरीतपणा दाटसर होऊ लागतो, आणि दोन तासांनी त्याला जो पिवळट करडा रंग येतो, तो मी अन्यत्र फक्त सरकारी कचेरीच्या भिंतींवर पाहिला आहे.

बटाटा टिकवण्याची कला माणसाला साधलेलीच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. जिथे बटाटा प्रथम लागवडीला आला, त्या आंदीज पर्वतातले लोक तो रात्रीच्या कडाक्याच्या थंडीत गोठवतात, दिवसा पायांनी तुडवून त्यातले पाणी काढतात, उन्हात खणखणीत वाळवतात, आणि तयार झालेला हा 'चुन्यो' वर्षानुवर्षे टिकतो. मी हे मोठ्या उत्साहाने शेफना सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "सात नंबरच्या टेबलाला तो तुडवून द्यायचा आहे का?"

शेवटी उपाय निघाला तो थोडे थोडे, पण सारखे लावण्याचा. साडेपाचला एक ट्रे, सहाला दुसरा, साडेसहाला तिसरा, असा दर अर्ध्या तासाला नवा ट्रे आत जातो, आणि कपाटात तासाहून जुना बटाटा राहू द्यायचा नाही. यासाठी प्रत्येक ट्रेवर लावल्याची आणि काढल्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी असते, म्हणजे बटाट्याचा जन्माचा दाखलाच म्हणा. ही व्यवस्था तीन आठवडे निर्दोष चालली. चौथ्या आठवड्यात नवीन मदतनीस आला. मुलगा अतिशय टापटिपीचा. ऐन गर्दीत मी कपाट उघडले तर पाचही ट्रे लखलखीत पुसलेले, बटाटे आकारानुसार रांगेत मांडलेले, आणि चिठ्ठी एकही नाही. मी किंचाळलो तेव्हा त्याने खिशातून पाचही चिठ्ठ्यांची व्यवस्थित घडी काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "हरवतील म्हणून जपून ठेवल्या होत्या, दादा." पुढचा अर्धा तास मी प्रत्येक बटाटा हातात घेऊन, सालीवरून बोट फिरवून, वधूपरीक्षा करावी तसा त्याचे वय अजमावत होतो.

वहीचे म्हणाल तर तिच्यात दोन वर्षांच्या नोंदी आहेत. वार, हवा, सुट्टी, सामना, परीक्षा, आरक्षणे, आणि शेवटी दोन आकडे: लावले किती, गेले किती. या दोन आकड्यांची गाठ आजवर फक्त चार वेळा पडली आहे, आणि त्यातल्या एका दिवशी आम्ही बंद होतो. पाऊस पडला की लोकांना गरम बटाटा खावासा वाटतो, असे मी एका पानावर अधोरेखित करून ठेवले आहे. चार पानांपुढे, तितक्याच ठळकपणे, पाऊस पडला की लोक येतच नाहीत असे लिहिले आहे.

त्यातले एक पान मला पाठ आहे. त्या दिवशी साडेसातला चौदा जणांचे आरक्षण होते. मी नेहमीच्या चाळिसांवर चौदा जास्त लावले आणि स्वतःच्या दूरदृष्टीवर खूश झालो. चौदा जण वेळेवर आले, आनंदात होते, आणि त्यांच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या गृहस्थांनी सर्वांच्या वतीने जाहीर केले, की बटाट्याने त्यांना वायू होतो. त्यांच्या आदराखातर उरलेल्या तेरांनीही बटाटा सोडला. कपाटात बटाट्यांचा ढीग साचला, माझ्या पोटात गोळा आला, आणि घाबरून मी आठचा आणि साडेआठचा ट्रे लावलाच नाही. साचलेला ढीग हळूहळू गेला, काही म्हातारे होऊन बाद झाले, आणि सव्वानऊला कपाटात दोन बटाटे उरले असताना सहा जणांचे एक शांत, सुस्वभावी कुटुंब आत आले. त्यांना सहा बटाटे हवे होते. ते म्हणे खास बटाट्यासाठीच आले होते.

अशा वेळी माणूस मायक्रोवेव्हकडे बघतो. मीही पाहिले. चार कच्चे बटाटे टोचून आत ठेवले आणि बटण दाबले. एक बटाटा असेल तर हे यंत्र थोडक्या मिनिटांत काम उरकते, पण चार ठेवले की वेळ वाढतो, आणि ऊर्जा सगळ्यांना सारखी मिळेलच असेही नाही. बाहेर काढले तेव्हा एकच बटाटा एका टोकाला लगदा आणि दुसऱ्या टोकाला कच्चा होता. उरलेले तीन बरे वाटले, पण त्यांची साल पावसात भिजलेल्या पाकिटासारखी होती. त्यांना तेल चोळून कडक ओव्हनमध्ये दहा मिनिटे ठेवल्यावर बाहेरून बरीच लाज झाकली गेली. बाद झालेल्याच्या जागी शेफनी स्वतःसाठी बाजूला ठेवलेला बटाटा दिला. हा त्यांच्या आयुष्यातला मोठा त्याग होता आणि त्यांनी तो मला पुढे चार महिने विसरू दिला नाही. सहा बटाटे गेले. वाढण्याच्या क्षणी वर फुलीसारखा छेद देऊन दोन्ही टोकांनी दाबले, की गाभा उमलून वर येतो आणि वाफ मोकळी होते. तेवढे मी सहाही वेळा मन लावून केले, बोटे भाजून घेतली. थोड्या वेळाने ताटे परत आली. गाभा चाटूनपुसून खाल्लेला होता आणि माझे सारे आयुष्य जिच्यापायी खर्ची पडते आहे ती साल, सहाही ताटांत, घडी करून बाजूला ठेवलेली होती.

उरलेल्या बटाट्यांविषयी मी एकदाच काटकसर सुचवली. रात्री बारा वाजले होते, एका मेजवानीसाठी खास फॉइलमध्ये भाजलेले वीसेक बटाटे तसेच उरले होते, आणि मी म्हणालो, "राहू देत इथेच ओट्यावर, सकाळी बघू." शेफ सहसा माझ्यावर ओरडत नाहीत, टोमणे मारतात, त्या रात्री त्यांनी दोन्हीही केले नाही. त्यांनी मला स्टुलावर बसवले आणि १९९४ साली अमेरिकेतल्या एल पासो शहरात काय घडले ते सांगितले. तिथल्या एका रेस्टॉरंटमध्ये फॉइलमध्ये भाजलेले बटाटे तसेच साध्या तापमानाला ठेवले गेले आणि नंतर त्यांची चटणीसारखी तोंडीलावणी केली. ती खाऊन ३० माणसांना बोट्युलिझम झाला. मातीतल्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूची बीजे बटाट्याच्या सालीवर असतात, आणि बटाटा आतून शंभर अंशांपलीकडे तापत नसल्यामुळे ती भाजण्याने मरत नाहीत. वर घट्ट फॉइल, आत ओल, ऊब, हवेचा अभाव आणि आंबटपणा नावाला नाही; त्या बीजांना याहून चांगले बिऱ्हाड मिळणार नाही. मग ती रुजतात आणि जे विष तयार करतात, ते मज्जातंतूंवर घाला घालून श्वास बंद पाडू शकते. मी निमूटपणे वीसही बटाट्यांची फॉइल सोडली. तेव्हापासून उरलेला बटाटा आम्ही लगेच उघडा करून, कापून, उथळ ट्रेमध्ये पसरून गार करतो: ५७ अंशांवरून २१ पर्यंत दोन तासांत, आणि तिथून पुढच्या चार तासांत ५ अंशांपर्यंत. दुसऱ्या दिवशी त्याचे सूप होते. आमच्या कर्मचाऱ्यांचे जेवण कशाचे होते, हे विचारू नये.

गेल्या महिन्यात मला एक सुट्टी मिळाली आणि मी, सवय म्हणा किंवा खोड म्हणा, दुसऱ्याच एका रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेलो. रात्रीचे सव्वानऊ झाले होते. मेनूकार्डावर भाजलेला बटाटा होता, तो मी मागितला. वेटर आत जाऊन आला आणि खाली बघत म्हणाला, "माफ करा साहेब, बटाटे संपले." माझ्या शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ माझ्या वतीने नाराज झाले आणि साधा बटाटासुद्धा कसा नसतो, म्हणून पुटपुटले. मी वेटरला जवळ बोलावले आणि म्हटले, "आत जाऊन एवढेच विचारा, की आज किती लावले होते."

तो बराच वेळ परत आला नाही. आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर गोंधळ होता. "छत्तीस लावले होते म्हणतात," तो म्हणाला, "आणि साहेब, तुम्ही किती लावता, असे त्यांनी विचारले आहे."